गट-रोलप्लेमधला प्रेमाचा धागा: किती, कधी आणि कसा लिहायचा

घाटवाट (धागाकर्ता)

प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीनं पोस्ट टाकत एकच कथा पुढे न्यायची, अशा मजकुरी रोलप्लेत प्रेमप्रकरण आलं की एक ठरावीक गोष्ट घडते. दोन पात्रं मुख्य प्रसंगातून उठून बाजूच्या चॅनेलमध्ये जातात. तिथे रोज वीस-वीस पोस्ट पडतात आणि मुख्य कथा आठवडाभर एकाच वाक्यापाशी अडून राहते. मग सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, वैतागतो आणि 'रोमान्स बंद' असा नियम काढतो. माझ्या मते दुखणं भलतीकडेच आहे.

हिशोब करून पाहा. प्रसंगात सहा लेखक आहेत आणि पाळी आल्यावर प्रत्येकाला २४ तासांची मुदत आहे. एक फेरी पुरी व्हायला ६ दिवस जाऊ शकतात. दोघांच्या प्रसंगात तीच मुदत धरली तरी २ दिवस, आणि दोघंही रात्री ऑनलाइन असले तर तासाभरात पाच फेऱ्या. जिथे उत्तर लवकर मिळतं तिकडे लिहिण्याचा उत्साह वळतोच. दोन पात्रं शत्रू असती आणि नुसती भांडत बसली असती, तरी हेच झालं असतं.

म्हणून प्रेमाचा प्रसंग मुख्य कथेला बांधून ठेवायचा. उदाहरणासाठी एक मांडणी घेऊ, म्हणजे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलू. काळ सातवाहनांचा. कल्याणच्या बंदरातून माल घेऊन नाणेघाट चढणारा, जुन्नरवरून पैठणला जाणारा व्यापारी तांडा. तांड्याचा वाटाड्या कण्ह, आणि घाटमाथ्यावरच्या जकातनाक्यावरच्या लेखनिकाची मुलगी रेवा. बाकी चार पात्रं: व्यापारी, त्याचा पुतण्या, एक भिक्खू, एक बैलहाक्या.

नियम असा सुचवतो: दोघांचा खासगी प्रसंग जास्तीत जास्त १० पोस्टचा. तो संपला की ४८ तासांच्या आत मुख्य प्रसंगात त्याचा एक तरी पडसाद उमटला पाहिजे. बातमी, वस्तू किंवा वचन, यांपैकी काहीही चालेल. उद्या कोणत्या गोणी उघडून पाहणार आहेत हे रेवानं कण्हला सांगितलं, ही बातमी. आता कण्हनं ती व्यापाऱ्याला सांगायची का? सांगितली तर नाक्यावर संशय रेवावर येणार. एका भेटीतून सहाही जणांना काम मिळालं.

बाकीच्यांनी आपापले नियम आणि अडचणी मांडाव्यात. तपशिलात लिहा.

---

शाईचा_डाग

पडसादाच्या नियमाला अनुमोदन. मी एकेका पोस्टच्या पातळीवर लिहिते, कारण बहुतेक प्रेमप्रसंग तिथेच फसतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक ही:

"रेवाला पाहताच कण्ह तिच्या प्रेमात पडला. तीही लाजली आणि तिनं मान खाली घातली."

यात दोन दोष आहेत. एक, 'तीही लाजली' हे कण्हच्या लेखकानं लिहायचंच नाही. दुसऱ्याचं पात्र परस्पर हलवणं म्हणजे गॉडमॉडिंग. लढाईत ते लगेच खटकतं, प्रेमात मात्र 'गोड' म्हणून खपून जातं, आणि समोरच्या लेखकाच्या हातून त्याचं पात्र निसटतं. दोन, भावनेला थेट नाव दिलं की पुढच्या पोस्टला उत्तर द्यायला काही उरत नाही.

नाट्यशास्त्रातली मांडणी इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. शृंगाराचा स्थायीभाव, म्हणजे मूळ टिकून राहणारी भावना, रती (प्रेम), पण रंगमंचावर रती दाखवता येत नाही. दिसतात ते विभाव (भावनेची कारणं) आणि अनुभाव (तिची बाहेर दिसणारी खूण). पोस्ट लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं: आलंबन कोण, म्हणजे भावना कुणाबद्दल आहे? उद्दीपन काय, म्हणजे या क्षणी भोवताली असं काय आहे ज्यानं भावना चेतेल? आणि अनुभाव कोणता, म्हणजे शरीरातून, हालचालीतून काय बाहेर दिसेल? भरतानं आठ सात्त्विक भाव मोजलेत: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथु (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं). एका पोस्टमध्ये यांतला एकच घ्यावा. तिघं-चौघं एकत्र आले की पात्र तापानं फणफणल्यासारखं वाटतं.

तीच पोस्ट पुन्हा:

"घाटमाथ्यावर ढग उतरले होते. कण्हनं रांजणातलं पाणी आधी रेवाच्या घागरीत ओतलं आणि मग बैलांकडे वळला. 'उद्या उजाडायच्या आत निघायचंय,' तो म्हणाला. शेवटचा शब्द घशातच राहिला. दोर आधीच गुंडाळून झाला होता, तरी तो गुंडाळत राहिला."

ढग हे उद्दीपन, अर्धवट शब्द हा स्वरभंग, दोर हा अनुभाव. रेवाच्या लेखकासमोर आता किमान तीन वाटा आहेत: घागर, उद्याचं निघणं, किंवा दोर. दर पोस्टमध्ये समोरच्याला पकडता येतील अशी दोन-तीन टोकं सोडायची, ही माझी एकमेव सक्ती. शेवटचं वाक्य मात्र थेट प्रश्न नसावं. प्रत्येक पोस्ट प्रश्नानं संपू लागली की संवाद मुलाखतीसारखा होतो.

लांबीबद्दल: ८० ते १५० शब्द पुरे. एकानं चारशे शब्द लिहिले की दुसऱ्याला तेवढेच लिहिण्याचं दडपण येतं, आणि मग सगळा मजकूर मनातल्या विचारांनी भरला जातो. त्या विचारांना समोरचं पात्र उत्तर देऊच शकत नाही, कारण त्याला ते ऐकू आलेले नसतात.

---

दवंडी

बाजूच्या प्रसंगावर १० पोस्टची मर्यादा मला जाचक वाटते. काही प्रसंग मोठे असतात, आणि दोघांना त्यांच्या लयीत लिहू दिलं तर गटाचं काही बिघडत नाही. प्रत्येक भेटीतून कारस्थान निघालंच पाहिजे असं ठरवलं की प्रेम हे निरोप पोचवायचं साधन होऊन बसतं.

शिवाय हा प्रकार वाढला तोच मुळी बोलण्यातून. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात पहिलं मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरी संगणकखेळ, बनलं, तिथे गुण आणि खजिना मिळवणं महत्त्वाचं होतं. १९८९ च्या टायनीमडमध्ये लढाई जवळजवळ काढूनच टाकली. राहिलं काय? जागा बांधणं आणि एकमेकांशी बोलणं. लोक त्यासाठीच येत राहिले. पात्रांची जवळीक ही या माध्यमातली मूळ गोष्ट आहे, तिला नुसती परवानगी दिल्यासारखं का वागवायचं?

---

घाटवाट

@दवंडी, रास्त मुद्दा. दुरुस्ती करतो: खासगी प्रसंग तीन झाले की त्यांतल्या एकाचा पडसाद मुख्य प्रसंगात सक्तीचा, उरलेले दोन मोकळे. पण मुख्य आणि खासगी प्रसंग एकाच वेळी चालू असताना कालक्रम मात्र सांभाळा. खासगी प्रसंगाच्या पहिल्या ओळीत वेळ लिहायची: 'नाक्यावरचा दुसरा दिवस, संध्याकाळ.' नाहीतर मुख्य प्रसंगात कण्ह दरीत पडलेला आणि बाजूला तो चांदण्यात बसलेला, असं होतं.

---

तळटीप

प्रेम लांबवायचं असेल, ज्याला सगळे स्लो बर्न म्हणतात, तर अडथळा नीट निवडावा लागतो. सगळ्यांत कच्चा अडथळा गैरसमजाचा. जो गैरसमज एका वाक्यानं दूर होऊ शकतो, तो चार-पाच पोस्टच्या पुढे टिकत नाही. वाचणारे बाकीचे लेखक चिडतात, कारण ते वाक्य त्यांना दिसत असतं.

टिकतो तो कर्तव्याचा अडथळा. कण्हनं व्यापाऱ्याचं मीठ खाल्लंय, रेवाचा बाप त्याच व्यापाऱ्याकडून जकात घेतो. कुणीही खोटं बोललेलं नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक आहे, तरीही पेच सुटत नाही. दुसरा टिकाऊ अडथळा ऋतूचा. नैर्ऋत्य मोसमी वारे लागले की पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं थांबणार आणि घाटही निसरडा होणार. म्हणजे कण्ह पावसाआधी परतला नाही तर चार महिने भेट नाही. हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत हेच पुन्हा पुन्हा येतं: पहिला ढग दिसला, वाटसरू अजून घरी नाही. महाराष्ट्री प्राकृतात दोन ओळींत मावणाऱ्या त्या गाथा रोलप्ले लिहिणाऱ्यानं जरूर वाचाव्यात. भावनेचं नाव न घेता ती कशी सांगायची, याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

एकत्र आल्यावर प्रेमकथेत काही उरत नाही असं अनेकांना वाटतं, आणि त्या भीतीनं ते जोडीला उगाच तोडत राहतात. त्यावर नाट्यशास्त्रातली अष्टनायिकांची, म्हणजे प्रेमातल्या नायिकेच्या आठ प्रकारांची, यादी उपयोगी पडते. या आठ अवस्था आहेत, त्यामुळे एकच पात्र त्यांतून फिरू शकतं, आणि नायिकेच्या जागी नायक ठेवला तरी चालतं. वासकसज्जा वाट पाहत सजून बसलेली. विरहोत्कंठिता, ठरलेल्या वेळेला तो न आल्यानं बेचैन. विप्रलब्धा, संकेतस्थळी जाऊन फसलेली. खंडिता, त्याच्या वागण्यानं दुखावलेली. कलहांतरिता, भांडून त्याला घालवल्यावर पस्तावणारी. प्रोषितभर्तृका, ज्याचा माणूस परदेशी आहे ती. अभिसारिका, स्वतः भेटीला निघालेली. स्वाधीनभर्तृका, जिचा माणूस तिच्या शब्दात आहे. यातली कलहांतरिता मला सर्वांत कसदार वाटते, कारण तिथे पात्राला स्वतःच्या चुकीशी झुंजायचं असतं आणि बाहेरून संकट आणायची गरज पडत नाही.

गतीसाठी ढोबळ प्रमाण: बारा आठवडे चालणाऱ्या कथेत पहिले चार आठवडे नुसती ओळख आणि एकमेकांशी काम, पाचव्या-सहाव्यात पहिली जोखीम, आठव्यापर्यंत उघड कबुली. कबुली शेवटच्या आठवड्यावर ढकलली तर तिचे परिणाम लिहायला वेळच मिळत नाही, आणि खरी कथा तर परिणामांतच असते.

---

मधली_आळी

मराठीत लिहिणाऱ्यांना एक गोष्ट आयती मिळते, ती फारसं कुणी वापरत नाही. 'तुम्ही' वरून 'तू' वर येणं. पात्रपत्रिकेतच लिहून ठेवा की कोण कोणाला काय म्हणतं. मग ज्या पोस्टमध्ये रेवाच्या तोंडून पहिल्यांदा 'तू' निघेल, ती कबुलीपेक्षा मोठी घटना ठरते. उलटही करता येतं: भांडणानंतर 'तू' म्हणणारीनं अचानक 'तुम्ही निघा आता' म्हणावं. पण हे चुकून झालं तर सगळा परिणाम वाया जातो, म्हणून पोस्ट टाकण्याआधी फक्त सर्वनामं आणि क्रियापदांची रूपं तपासण्यासाठी एक वाचन करा.

दुसरं, मराठी क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'आलास' की 'आलीस', 'जातो' की 'जाते', लपवता येत नाही. वेषांतर केलेलं पात्र असेल, किंवा ज्याचं लिंग अजून उघड करायचं नाही असं पात्र असेल, तर 'त्यानं/तिनं' टाळून नावानं लिहा. 'कण्हनं दार ढकललं' यात क्रियापद दाराप्रमाणे चालतं, म्हणून सकर्मक भूतकाळ हा त्यातला सोपा मार्ग आहे. समोरच्याला उद्देशून मात्र 'तुम्ही आलात' हे रूप ठेवावं, तिथे लिंग दिसत नाही.

आणि काळ गटानं एकच ठरवावा. एक 'ती म्हणाली' लिहितो, दुसरा 'ती म्हणते', आणि प्रेमप्रसंगाची लय दर पोस्टला तुटते. माझी शिफारस तृतीयपुरुषी भूतकाळाची.

---

कंदील

तंत्र झालं, आता लेखकांमधल्या करारावर लिहिते. हे आधी ठरलं नसेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे.

पात्रांची संमती आणि लेखकांची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेवा कण्हला झिडकारू शकते आणि दोन्ही लेखक त्या प्रसंगावर खूश असू शकतात. याउलट, रेवा 'हो' म्हणत असताना तिच्या लेखकाला तो धागा नकोसा झालेला असू शकतो. म्हणून पहिल्या प्रेमसूचक पोस्टच्या आधी पात्राबाहेरच्या चॅनेलमध्ये सरळ विचारायचं: 'या दोघांत ओढ निर्माण झाली तर चालेल का? कुठपर्यंत?' उत्तर आलं नाही तर ते 'नाही' धरायचं. कथेतला नकार हा पार करायचा अडथळा असू शकतो, लेखकाचा नकार कधीच नाही. एकाच पात्रामागे तीन-तीन पात्रं लागली आणि त्या लेखकाला प्रत्येक पोस्टमध्ये नवा नकार लिहावा लागला, की तो गट सोडून जातो. हे थांबवणं सूत्रधाराचं काम आहे.

मर्यादांसाठी रेषा आणि पडदे ही पद्धत वापरा. रोलप्ले-खेळ रचणारे रॉन एडवर्ड्स यांनी ती २००३ मध्ये मांडली. रेष म्हणजे कथेत येणारच नाही ती गोष्ट. पडदा म्हणजे घडली तरी चालेल, पण दाखवायची नाही: दिवा विझला, पुढची पोस्ट सकाळची. प्रत्येक लेखकानं सूत्रधाराला खासगीत यादी द्यावी. सूत्रधारानं सगळ्यांच्या याद्या एकत्र करून, कोणाची कोणती ते न सांगता, चॅनेलच्या वर पिन करावी. कारण विचारायचं नाही. सगळ्यांत कडक मर्यादा सगळ्यांना लागू. चालू प्रसंग थांबवण्यासाठी जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड आहे: टेबलावर ठेवलेलं कार्ड, त्याला हात लावला की प्रसंग थांबतो. लेखी खेळात त्याऐवजी एक ठरलेलं चिन्ह टाकायचं. ते पडलं की शेवटची पोस्ट काढायची आणि तिच्या आधीपासून पुन्हा लिहायचं.

पात्राची भावना लेखकात झिरपणं, याला खेळ रचणाऱ्या एमिली केअर बॉस यांनी 'ब्लीड' असं नाव दिलं. प्रेमाच्या धाग्यात ते हमखास होतं, विशेषतः रोज रात्री तेच दोघं लिहीत असतील तेव्हा. लक्षणं ओळखता येतात: पात्राबाहेरच्या गप्पांतही पात्राच्या नावानं हाक मारणं, समोरच्यानं दुसऱ्या कुणाबरोबर प्रसंग लिहिला की राग येणं, उत्तराला उशीर झाला की 'तुला रेवाची पर्वाच नाही' असं म्हणणं. उपाय म्हणजे प्रसंग संपल्यावर पाच-दहा मिनिटं पात्राबाहेर प्रसंगाबद्दल बोलणं, आठवड्याला किमान दोन दिवस त्या जोडीची सुट्टी, आणि दोन्ही पात्रांना जोडीबाहेरचं एकेक महत्त्वाचं नातं.

वयाबद्दल तडजोड नाही. १८ खालच्या लेखकाबरोबर प्रौढ लेखकानं प्रेमाचा धागा लिहायचा नाही, पात्राचं वय काहीही असो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर १३ वर्षांपासून खातं उघडता येतं, त्यामुळे 'सर्व्हरवर आहे म्हणजे मोठाच असणार' हा समज खोटा आहे. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब बालकांना ऑनलाइन लैंगिक संबंधांकडे ओढण्यालाही लागू होतं. मिश्र वयाच्या गटात प्रेमाचा धागा फक्त मुख्य चॅनेलमध्ये, सर्वांसमोर लिहिला जावा, आणि खासगी संदेशांत प्रसंग लिहिणं पूर्ण बंद असावं.

---

शाईचा_डाग

@कंदील, सुट्टीच्या दोन दिवसांचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्यात एवढंच जोडते: सुट्टी आधी जाहीर केलेली असावी. न सांगता घेतलेली सुट्टी समोरच्याला रुसवा वाटते.

---

मधली_आळी

फासे वापरणाऱ्या गटांसाठी. 'तो तिच्या प्रेमात पडतो का' यावर फासा टाकू नका. पात्राचं मन ठरवण्याचा हक्क त्याच्या लेखकाचा आहे, तो फाशाला द्यायचा नाही. फासा टाकावा तो परिणामांवर: भेट कुणी पाहिली का, निरोप पोचला का, आवाज न कापता खोटं बोलता आलं का.

दोन सहापैलू फाशांची पद्धत यासाठी छान आहे. बेरीज १० किंवा जास्त म्हणजे साधलं, ७ ते ९ म्हणजे साधलं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी म्हणजे फसलं. काहीही अधिक न धरता ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा किमतीसह, १५ वेळा अपयश. पात्राला +१ दिला की हेच १०, १६ आणि १० होतं. म्हणजे मधली पायरी सर्वांत मोठी राहते, आणि प्रेमकथेला तीच हवी: भेट झाली, पण पुतण्यानं पाहिलं.

२०१२ च्या मॉन्स्टरहार्ट्स या खेळात, अ‍ॅव्हरी ऑल्डर यांचा तो, एकमेकांवर 'दोऱ्या' मिळतात आणि नंतर त्या खर्च करता येतात. फाशांशिवायच्या गटातही हे घेता येईल. रेवानं कण्हचं गुपित राखलं की तिच्याकडे एक दोरी. ती खर्च करून ती पुढे एकदा काही मागू शकते. कण्हचा लेखक नाही म्हणू शकतो, पण मग त्याची किंमत मुख्य प्रसंगात दिसली पाहिजे. एका जोडीत एका वेळी दोनच दोऱ्या ठेवा, जास्त झाल्या की प्रेम सोडून हिशोब सुरू होतो.

---

दवंडी

डिस्कॉर्डवर खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. एका संदेशाची मर्यादा २००० अक्षरचिन्हं. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठीत तीनशेच्या आसपास शब्दच बसतात. प्रत्येक खासगी प्रसंगाला वेगळा थ्रेड (चॅनेलमधलं उप-संभाषण) करा आणि तो आपोआप बंद होण्याची मुदत एक आठवडा ठेवा, तीच सर्वांत लांब आहे. टपरबॉक्ससारखा बॉट पात्राच्या नावानं आणि चित्रानं पोस्ट टाकतो. त्यामुळे पात्र आणि लेखक वेगळे दिसतात, आणि ब्लीड कमी व्हायला याची खरोखर मदत होते. पण बॉटच्या पोस्टमागचं खातं कुणाचं ते लगेच दिसत नाही, म्हणून कोणतं पात्र कुणाचं याची यादी सूत्रधाराकडे हवीच.

---

तळटीप

एक अडचण राहिली, आणि ती सर्वांत जास्त धागे मारते: जोडीतला एक लेखक मध्येच गायब होतो. दुसऱ्याचं पात्र तिथेच अडकतं, कारण त्याची सगळी कथा त्या एका नात्यावर उभी असते.

यासाठी सुरुवातीलाच 'निरोपाचं कलम' लिहून घ्या. ७ दिवस उत्तर नाही: खासगी प्रसंग गोठवायचा, मुख्य प्रसंगात पात्र 'कामावर गेलंय'. १४ दिवस: सूत्रधार पात्राला कथेतल्या कारणानं दूर पाठवतो, कण्ह दुसऱ्या तांड्याबरोबर भरुकच्छला (आजच्या भरूचला) गेला. ३० दिवस: उरलेल्या लेखकानं ठरवायचं की वाट पाहायची, निरोप आला असं मानायचं, की नातं संपवायचं. गेलेल्याचं पात्र मारायचं नाही, त्याच्याकडून दगा झाला असंही लिहायचं नाही. तो परत येऊ शकतो, आणि पात्र त्याचं आहे. मधल्या काळात रेवाचा विरह हा चांगला ऐवज आहे, पण तो मुख्य प्रसंगात इतर पात्रांबरोबर लिहा. एकटीनं चांदण्याकडे पाहत लिहिलेल्या पोस्टला कुणी उत्तर देऊ शकत नाही.

---

घाटवाट

निरोपाचं कलम जसंच्या तसं घेतो. एक शेवटचा प्रश्न. त्रिकोण आला तर? समजा पुतण्यालाही रेवा आवडते, आणि तिन्ही लेखकांची तयारी आहे. यात पुतण्याचा लेखक कायम हरण्यासाठीच लिहितोय असं होऊ नये.

---

तळटीप

निकाल आधी ठरवून टाका, तिघांनी मिळून, पात्राबाहेर. रेवा कुणाकडे जाणार हे ठाऊक असलं की पुतण्याचा लेखक स्पर्धा करत बसत नाही, हरण्याचा प्रवास लिहितो. त्याला बदल्यात रेवाशी संबंध नसलेलं काही द्या: काकाच्या व्यापाराचा वाटा, किंवा नाक्यावरचं गुपित. आणि रेवाच्या प्रसंगांची वाटणी मोजून करा. कण्हबरोबर दोन झाले की पुतण्याबरोबर एक. त्या एकात रेवानं त्याला काहीतरी खरं सांगावं, जे तिनं कण्हला सांगितलेलं नाही.